तिसरीच्या वर्गाने वाचलेला ओटीपी

माझी सही आयुष्यात माझ्याशिवाय कोणी केली नाही. हजेरीपटावर, प्रगतिपुस्तकांवर, बँकेत, सगळीकडे तीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. पासवर्डाचं मात्र नेमकं उलटं झालं. तो माझा होता असं सगळे सांगतात आणि मी सोडून सगळ्यांनी तो वापरला. नोकरीची शेवटची वर्षं त्या एका गोष्टीनं कडू केली, म्हणून फराळाच्या ताटात हे कारलं वाढते आहे. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल पुढचं पान उलटावं.

मी महाजन बाई. राहते बऱ्हाणपुरात, शनवारा मोहल्ल्यात. नोकरी शाहपूरच्या अलीकडच्या एका गावात, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. मध्य प्रदेशात मराठी शाळा असते हे ऐकून पुण्याकडचे पाहुणे मला अजून विचारतात, "पण तिकडे हिंदी असेल ना?" हिंदी आहेच. आमच्याच आवारात हिंदी शाळा होती, मधे एक कडुनिंब. निंबाच्या त्या बाजूला मैडमजी आणि या बाजूला बाई. या बाजूला बाई एकच, म्हणजे मी. पहिली ते पाचवी सगळी मुलं एका लांब खोलीत बसायची. गावातल्या आयाबाया घरात जी भाषा बोलतात तिच्या जवळची शाळा म्हणून ती मुलं माझ्याकडे यायची. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांची पोरं होती, पण संख्यावाचनात तालुक्यात कोणाला ऐकायची नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणून सांगितलं तरी खरंच आहे.

त्या वर्षांत जे ते जोडण्याची टूम निघाली होती. आधी आम्हा मास्तरांचे वेगवेगळे संवर्ग एकात घातले. मग शाळा शाळांत घालायला सुरुवात झाली. एका आवारात दोन असल्या की त्यांची एक करायची. आणि हे सगळं एका पोर्टलवर. पगार पोर्टलवर, रजा पोर्टलवर, मुलांची नावं पोर्टलवर, बदलीही पोर्टलवर. माझ्या शाळेला तेवढी एक सवलत होती. मराठीची शिक्षिका पदावर आहे तोवर शाळा वेगळी राहील, पद रिकामं झालं की हिंदीत जमा. म्हणजे शाळेचं छप्पर त्या खोलीच्या भिंतींवर नव्हतं, माझ्या डोक्यावर होतं. मला हे माहीत होतं आणि गावालाही माहीत होतं. म्हणून चांगल्या चांगल्या जागा सुटल्या तेव्हाही मी बदली मागितली नव्हती.

आता हे पोर्टल चालायचं कसं ते सांगते. दहा-बारा शाळांचं मिळून एक संकुल असतं. आमच्या संकुलाचं कार्यालय शाहपूरच्या मोठ्या शाळेत, आणि तिथे दिलीप. दिलीप कॉम्प्युटर ऑपरेटर, चाळिशी उलटलेला, कंत्राटी, दर मार्चात नोकरी राहते की जाते या धास्तीत. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे. सगळ्या शाळांच्या सगळ्या शिक्षकांचं ऑनलाइन काम तो करायचा. प्रत्येकाचा पासवर्ड त्यानंच बनवला होता आणि प्रत्येकाचा पासवर्ड त्याच्या कॉम्प्युटरच्या पोटात होता.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण आपला कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड टाकून आत गेलो की ब्राउझर वर कोपऱ्यात विचारतो, हा लक्षात ठेवू का? हो म्हटलं की पुढच्या वेळी नुसतं पान उघडायचं, दोन्ही रकाने आयते भरलेले. पासवर्डाच्या जागी काळे ठिपके. आपल्या फोनवर, फोनला कुलूप लावून, ही सोय चांगली आहे. मीही आता वापरते. पण दहा जणांच्या कॉम्प्युटरवर हो म्हणणं म्हणजे घराची किल्ली कडीलाच लटकवून गावाला जाणं. खुर्चीत कोण बसलंय ते ब्राउझर बघत नाही. शेवटी कोण आत गेलं होतं तेवढंच त्याला आठवतं.

ह्या आपोआप भरण्यानं आधी आम्हाला हसवलंही होतं. एके वर्षी मुलांची नावं चढवताना ब्राउझरनं पत्त्याचा रकाना दिलीपच्याच पत्त्यानं भरला आणि तो भराभर पुढे जा, पुढे जा करत राहिला. सरकारदरबारी माझी सगळी शाळा दिलीपच्या दोन खोल्यांत राहायला गेली. मी त्याला म्हटलं, "दिलीप, एवढ्या पोरांना रात्री निजवतोस कुठे?" तो म्हणाला, "बाई, तुम्हाला मजाक सुचतो, इथं सर्व्हर डाऊन आहे." तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तेव्हाच घाबरायला हवं होतं, पण हसण्यासारखं असलं की माणूस घाबरत नाही.

आणखी एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे शिक्षिकांचं ऑनलाइन काम त्यांचे यजमान करतात. बाई वर्गात आणि यजमान संकुलात. शिकवायला बाई चालते, वर्ग सांभाळायला, जनगणनेला, निवडणुकीच्या ड्युटीला बाई चालते, कॉम्प्युटरपुढे मात्र यजमान. मी विधवा, म्हणून माझं काम दिलीपकडे. निंबापलीकडच्या हिंदी शाळेतल्या चौधरी मैडमचं काम त्यांचे यजमान करायचे. चौधरीभाऊंची खताची एजन्सी होती आणि जगातलं सगळं त्यांना समजत होतं.

तर पासवर्ड दिलीपकडे आणि ओटीपी माझ्याकडे, अशी वाटणी होती. ओटीपी म्हणजे आपल्या मोबाइलवर येणारा सहा आकडी परवलीचा क्रमांक. संकुलातून भर वर्गात फोन यायचा, "बाई, ओटीपी आला असेल न, सांगा ना जल्दी." आठवड्यातून तीन-चारदा तरी यायचा. कशाचा ते विचारलं तर पहिल्या पहिल्यांदा सांगायचा, मग मी विचारणं सोडलं. मेसेजात कशासाठी ते लिहिलेलं नसायचं. वर्ग मोडायचा, मुलं कालवा करायची, माझा संताप व्हायचा.

शेवटी मी त्या संतापाचाच धडा केला. ओटीपी आला की मी तो फळ्यावर लिहायची आणि म्हणायची, "लाखाने वाचा." तिसरीला पुस्तकात हजारापर्यंतच असतं. माझी तिसरी लाखात वाचायची. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, जिथे पोरं हमखास घसरतात तिथे माझी घसरत नसत. सगळ्यांत तरबेज मुक्ता. एवढीशी, दोन वेण्या, नाक सदा वाहतं. फोनची घंटा वाजली की ती आपणहून फळ्याजवळ येऊन उभी राहायची. फोन मी तिच्या तोंडाशी धरायची आणि ती खणखणीत वाचायची. पलीकडून दिलीप कावायचा, "बाई, लाख-बिख नका सांगू, एक-एक आकडा सांगा." मग मुक्ता त्याला एक-एक आकडा सांगायची, जरा कीव आल्यासारखी.

बदल्यांच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. संकुलात त्या दिवशी काय झालं ते मला दिलीपनं नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सकाळपासून तो माझ्या लॉगिनमधून माझ्या मुलांची नावं चढवत होता. सर्व्हर बसला, काम अर्धवट राहिलं, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला. इकडे चौधरीभाऊ आले. त्यांच्या मिसेसला सासरजवळ, असीरगडाखालच्या शाळेत जायचं होतं. दिलीप म्हणाला, "भाऊसाहेब, रिकामा आहे तो, बसा." भाऊसाहेब बसले. पान उघडलं, दोन्ही रकाने भरलेले. त्यांना वाटलं, मिसेसचं लागलेलं आहे. ते आत गेले. वर कोपऱ्यात माझं नाव होतं, बारीक इंग्रजीत. ज्याला जगातलं सगळं समजतं तो कोपऱ्यात कशाला बघेल? त्यांनी शाळांच्या यादीत असीरगड शोधलं, स्वैच्छिक बदली या ओळीवर खूण केली, अर्ज पुढे पाठवला. पडद्यावर आलं की ओटीपी अमुक नंबरावर गेला आहे. दिलीपनं मान वळवून नंबराचे शेवटचे आकडे बघितले. माझा नंबर त्याला पाठ. त्याला वाटलं, सकाळचं माझ्या मुलांचं काम अखेर सरकलं. त्यानं मला फोन लावला.

मी फळ्यावर लिहिलं. तीन, सहा, नऊ, आठ, चार, सात.

"मुक्ता, वाच."

"तीन लाख एकोणसत्तर हजार आठशे सत्तेचाळीस."

"शाब्बास. पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं. मग सगळ्या वर्गानं एका सुरात वाचलं. मग तिनं फोनमध्ये एक-एक आकडा सांगितला, आणि माझी शाळा बंद झाली. त्या वेळी आम्हाला कोणालाच ते कळलं नाही. आम्ही पुढचा धडा घेतला.

यादी लागली तेव्हा कळलं. मला पहिला फोन आला तो अभिनंदनाचा. एक जुनी मैत्रीण म्हणाली, "भाग्यवान आहेस बाई, रोडवरची शाळा मिळवलीस. बसमधून उतरलं की शाळा." मला वाटलं ती दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे.

मी जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. साहेब चिडले नाहीत की ओरडले नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले, "मैडम, आवेदन आपके लॉगिन से गया है। पासवर्ड आपका, ओटीपी आपके मोबाइल पर आया, आपने ही बताया। पासवर्ड मतलब दस्तख़त।"

मी म्हटलं, "साहेब, माझा पासवर्ड काय आहे तेच मला माहीत नाही."

खोलीत आणखी दोघं बसले होते, तेही हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. साहेब म्हणाले की अर्ज रद्दही करता येतो, पण तोही पोर्टलवरच आणि ती मुदत संपली. पुढच्या वर्षी पोर्टल उघडलं की परत अर्ज करा. मी म्हटलं, पुढच्या वर्षी शाळाच नसेल. त्यावर ते म्हणाले, "ऐसे कैसे, बिल्डिंग तो वहीं रहेगी।" एवढं खरं बोलणारा माणूस मी त्या कार्यालयात दुसरा पाहिला नाही.

दिलीप माझ्यापुढे रडला. लेखी द्यायला मात्र तयार होईना. लेखी दिलं तर मार्चात त्याची नोकरी गेली असती. मी त्याला शिव्या घातल्या, ज्या बाईंच्या तोंडी शोभत नाहीत त्याही. तरी त्याच्या पोटावर पाय द्यायला माझं मन झालं नाही, आणि ते झालं नाही याचाही मला राग आहे.

चौधरीभाऊ शनवाऱ्याला माझ्या घरी आले ते भांडायला. "मिसेसची जागा तुम्ही घेऊन बसल्या. मी स्वतः फॉर्म भरला, माझ्यासमोर सबमिट झाला." मी त्यांना झालं ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, चहा प्यायले आणि म्हणाले, "तसं असेल तर दिलीपनं बघायला पाहिजे होतं." स्वतःचं नाव त्यांनी त्या सगळ्या बोलण्यात एकदाही घेतलं नाही. त्यांच्या मिसेस दारातच उभ्या होत्या. जाताना हळूच म्हणाल्या, "बाई, मेरा पासवर्ड तो इन्हीं के पास रहता है। मैंने तो कभी देखा भी नहीं।" सासरजवळ जायचं त्यांचं स्वप्न गेलं आणि निंबाखालची माझी शाळा गेली. दोघींचं नुकसान करणाऱ्या त्या पानाला आम्ही दोघींनी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. सरकारी नोकरीत माणूस बरंच गिळतो. गिळता आलं नाही ते गावाचं. निरोपाला म्हणून मी गेले तर आवारात दहा-वीस माणसं उभी होती. मुक्ताचे वडील पुढे आले. केळीचे घड वाहून वाहून त्यांच्या खांद्याला घट्टे पडलेले. त्यांनी आयुष्यात माझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"बाई, जायाचंच होतं त सांगून जायाचं न. आमी काय धरून ठेवलं असतं तुमाले?"

मी म्हटलं, "मी अर्ज केला नाही. देवाशप्पथ केला नाही."

"कागदावर त लिहेल हाय, सोताच्या इच्छेनं."

मग मी त्यांना ब्राउझर, लॉगिन, ठिपके समजावत बसले. माझ्याच तोंडून मला ते खोटं वाटायला लागलं. कॉम्प्युटरनं आपोआप भरलं, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का? मुक्ता वडिलांच्या मागे उभी होती. तो आकडा तिनंच वाचला होता हे तिला कळू नये म्हणून मी ओटीपीचं नावच काढलं नाही. त्यामुळे माझं सांगणं आणखी लंगडं पडलं. लोकांना वाटलं बाई काहीतरी लपवतेय, आणि लपवत तर होतेच.

मला कोणी म्हणतं की ओटीपी कोणाला सांगायचा नसतो, चूक तुमचीच. साहेबही तेच म्हणाले होते. मी हे मानत नाही. ज्या खात्यानं मला वर्गात शिकवू द्यायचं सोडून दिवसभर आकडे मागितले, त्यानं मग मला सावधपणा शिकवू नये. खंत मला एवढीच आहे की त्या दिवशी मी मुक्ताला शाब्बास म्हटलं.

असीरगडाखालची शाळा खरंच रोडवर होती. बसमधून उतरलं की फाटक. मुलं गोड होती, मला मैडमजी म्हणायची. मी हिंदीत शिकवलं, कुठे कमी पडू दिलं नाही. त्या पोरांचा काय दोष होता? पण संख्या शिकवताना माझी जीभ अडखळायची, उनसठ म्हणायला गेलं की तोंडात एकोणसाठ यायचं आणि मुलं खिदळायची. शाहपूरकडची बातमी कळत होती. निंबाच्या दोन्ही बाजू एक झाल्या. माझी मुलं चौधरी मैडमच्या वर्गात मागे बसली. चौधरी मैडम चांगल्या होत्या, पण त्यांना मराठी येत नव्हती आणि येण्याची गरजही उरली नव्हती. माझी लांब खोली सामान ठेवायला गेली. पुढच्या वर्षी पोर्टल उघडलं, तेव्हा शाळांच्या यादीत आमच्या शाळेचं नाव नव्हतं. मी यादी दोनदा वरून खाली वाचली आणि फोन बंद केला.

मग निवृत्ती आली. शाल, नारळ, चार भाषणं. पेन्शनच्या कामाला परत शाहपूरच्या संकुलात जावं लागलं, कारण माझी जुनी नोंद तिथेच अडकली होती. दिलीप अजून तिथेच, अजून कंत्राटी, केस मात्र पांढरे. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसली. त्यानं पान उघडलं. रकान्यावर टिचकी मारली तर माझा क्रमांक आपोआप आला आणि खाली काळे ठिपके.

"बाई, तुमचं तर लागेलच आहे," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं तोंड उतरलं.

ठिपक्यांशेजारी डोळ्याचं चिन्ह होतं. मी म्हटलं, "तो डोळा दाब." त्यानं दाबला. साहेब ज्याला माझे दस्तख़त म्हणाले होते ते मी पहिल्यांदा पाहिले. शाहपूरचं नाव आणि पुढे एक दोन तीन. "सगळ्यांचा हाच ठेवला होता," दिलीप खाली बघत म्हणाला. शिव्या देऊन झाल्या होत्या. म्हटलं, "बदल. आता मी ठेवीन तो, माझ्या हातानं." बदलायला ओटीपी लागणार होता. त्यानं तो मागवला.

तेवढ्यात खिडकीशी मोठ्या शाळेच्या पोरींचा घोळका आला, स्कॉलरशिपचं काहीतरी विचारायला. त्यातली एक उंच मुलगी माझ्याकडे बघत राहिली. दोन वेण्या होत्या, फक्त आता लांब.

"बाई? मैं मुक्ता।"

मी तिला आत बोलावलं. नववीत होती. वडिलांचं विचारलं, गावाचं विचारलं. ती हिंदीतच सांगत होती, मधून एखादा आपला शब्द. तशात माझा फोन वाजला. चष्मा पिशवीच्या तळाशी होता. मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "वाच गं, काय आलंय."

"पाँच, आठ, छह..."

"असं नव्हे. लाखाने वाच."

ती हसली. मग फोनकडे नीट बघून सरळ उभी राहिली, फळ्याजवळ राहायची तशी. "पाच लाख..." म्हणाली आणि थांबली. ओठ हलले, आवाज येईना. तिचं हसू गेलं.

"बाई, मराठी में छियासी को क्या बोलते?"

दिलीप हळूच म्हणाला, "एक-एक आकडा सांगितला तरी चालेल, बाई. टाइम संपतो त्याचा."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मुक्ताला म्हटलं, "शहाऐंशी."

"शहाऐंशी," ती म्हणाली.

"पुढे."

"पाच लाख शहाऐंशी हजार... दोनशे..." शेवटी एकोणऐंशी होतं. तिथे ती परत अडली. मी सांगितलं, तिनं म्हटलं. मग पहिल्यापासून पूर्ण वाच म्हटलं, तिनं पूर्ण वाचलं. तोवर पडद्यावरची मुदत संपून गेली होती.

"आता दुसरा मागवावा लागेल," दिलीप म्हणाला.

मी म्हटलं, "मागव."